वाट चुकलेला गरुड आणि जेटीवर जमलेली माणसे



मासेबंदी चालू आहे. होड्या वर ओढून झाकल्यात, अंगणाअंगणात जाळी दुरुस्त होतायत, म्हणजे वाचायला थोडा वेळ आहे असे धरून दरवर्षीसारखे अभ्यासाचे लेख इथे टाकत आहोत. मागचा लेख विम्याच्या कागदपत्रांचा होता, तो किती जणांनी शेवटपर्यंत वाचला ते आम्हाला ठाऊक आहे. आजचा विषय पक्ष्याचा आहे. हसू नका, पुढे पैशाचा हिशेब आहे आणि जिवाचाही आहे.

गेल्या जुलैतले आठवत असेल. तीन दिवस वारा थांबत नव्हता, आणि चौथ्या दिवशी सकाळी आपल्या किनाऱ्यावर एक मोठा पांढरा पक्षी पडलेला सापडला. तोंड काळे, पंखांच्या कडा काळ्या, चोच भाल्यासारखी. समुद्राचा पक्षी आहे, समुद्रात जाऊ दे, असे म्हणून पोरांनी त्याला उचलून पाण्यात सोडला. लाटेने परत आणला. परत सोडला, परत आला. आम्ही तिथेच उभे होतो आणि आम्हीही हेच म्हणालो की सोडा पाण्यात. संध्याकाळी तो मेला. वाळूत खड्डा करून पुरला. कोणीतरी सकाळीच त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकला होता. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दोन गाड्या दारात. एक मडगावची, एक थेट बेळगावहून घाट उतरून आलेली. गळ्यात दुर्बिणी. "पक्षी कुठे आहे हो?" आम्ही वाळू दाखवली. ती माणसे बराच वेळ त्या वाळूकडे बघत उभी राहिली. त्यांनीच सांगितले की हा बूबी, खोल समुद्रातला, जमिनीजवळ सहसा येत नाही, वादळी वाऱ्याने थकून किनाऱ्याला लागतो.

ते गेल्यावर आपले एक जुने तांडेल काका म्हणाले, "मेलेल्या पाखरासाठी बेळगावहून येतात. जिवंत असता तर काय केलं असतं रे यांनी?"

प्रश्न चांगला होता. उत्तर शोधता शोधता एक खरी गोष्ट हाती लागली, आणि ती घडली होती आपल्यासारख्याच एका मासळीच्या जेटीवर.

आधी पक्षी ओळखून घेऊ. आपल्याकडे पांढऱ्या पोटाचा सागरी गरुड आहे, खाडीच्या तोंडाशी उंच झाडावर घरटे करणारा, सगळ्यांनी पाहिलेला. त्याचा एक थोरला भाऊ उत्तरेच्या थंड समुद्रावर राहतो. स्टेलरचा सागरी गरुड. १७४१ साली बेरिंगच्या मोहिमेवर गेलेल्या स्टेलर नावाच्या अभ्यासकावरून ते नाव पडले. अंग काळपट, खांदे आणि शेपटी पांढरी, आणि चोच पिवळी, एवढी मोठी की चेहऱ्यावर चोचच दिसते. मादी नऊ किलोपर्यंत भरते, म्हणजे एक चांगली मोठी विसवण पंख लावून उडते असे समजा. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत दोन ते अडीच मीटर. खाणे मुख्यतः मासे, त्यातही सामन. रशियाच्या पूर्व टोकाला, कामचाटका आणि ओखोत्स्क समुद्राच्या काठी तो अंडी घालतो आणि हिवाळ्यात बरेचसे जपानच्या होक्काइदो बेटाकडे उतरतात. साऱ्या जगात चार-पाच हजारच उरलेत.

यातला एक वाट चुकला. ऑगस्ट २०२० मध्ये तो अलास्काच्या आतल्या भागात दिसला. तिथपर्यंत ठीक, अलास्का त्यांच्या शेजारीच आहे. मार्च २०२१ मध्ये असाच एक गरुड टेक्सासमध्ये कोणाच्या तरी फोटोत सापडला, बहुधा तोच. टेक्सास म्हणजे मेक्सिकोच्या सीमेवरचा उष्ण मुलूख! त्या उन्हाळ्यात तो कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याला, नोव्हेंबरात नोव्हा स्कोशियात, डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या टॉन्टन नदीवर, आणि वर्ष संपता संपता मेन राज्यातल्या जॉर्जटाउन या गावी. पंखांवरच्या पांढऱ्या खुणा फोटोत जुळवून लोकांनी ठरवले की पक्षी एकच आहे. आपण होडी लांबून रंगावरून आणि नाळेवरून ओळखतो, तसेच.

जॉर्जटाउनमध्ये फाइव्ह आयलंड्स म्हणून छोटे बंदर आहे. धंदा लॉब्स्टरचा. आपली शेवंड असते तिचा हा नातेवाईक, फक्त याला पुढे दोन मोठे नांगे असतात, आणि तो जाळ्यात नाही, तळाशी सोडलेल्या पिंजऱ्यात धरतात. पिंजऱ्यांच्या चवडी, लाकडी जेटी, समोर पाच बेटे. गावाची कायमची वस्ती हजारभर. ३१ डिसेंबरला, कडाक्याच्या थंडीत, त्या जेटीवर माणसांची रांग लागली. तिवईवर लांब दुर्बिणी लावून सगळे एका बेटावरच्या झाडाकडे बघत होते. रात्रभर गाडी चालवून आलेले, विमानाने आलेले, लहान मुले घेऊन आलेले. गरुड दिसला की अनोळखी माणसे एकमेकांना आपली दुर्बीण देत होती.

आता तांडेल काकांच्या प्रश्नाचा हिशेब. या गर्दीचा अभ्यास झाला आणि २०२३ मध्ये छापूनही आला. आलेल्या लोकांना विचारून त्यांनी अंदाज बांधला: पहिल्या काही आठवड्यांत सुमारे २,१०० ते २,६०० माणसे आली आणि त्यांनी मिळून ३ लाख ८० हजार ते ४ लाख ७६ हजार डॉलर खर्च केले. तेव्हाच्या भावाने अंदाजे तीन कोटी रुपये. एका पक्ष्यासाठी. याच्या आधी २०१७ साली पेनसिल्व्हेनियात मेक्सिकोचा एक हळद्याच्या रंगाचा छोटा पक्षी एका घराच्या अंगणात दोन महिने राहिला होता, त्याचा हिशेब सव्वादोन लाख डॉलरच्या आसपास निघाला होता. म्हणजे गरुडच लागतो असे नाही.

पण सभासदांनो, आकडा वाचून खूश होऊ नका, जरा सोडवून बघा. हा खर्च माणसाने घरातून निघून घरी परतेपर्यंतचा आहे. पेट्रोल वाटेतल्या पंपावर भरले, मुक्काम मोठ्या शहरातल्या हॉटेलात केला, जेवण हायवेवर झाले, तर जेटीच्या गावात काय राहिले? चिखल आणि गाड्यांची कोंडी. फाइव्ह आयलंड्सच्या जेटीवर लॉब्स्टर शिजवून देणारी जागा आहे, पण ती उन्हाळ्यापुरती. पक्षी आला भर थंडीत. दोन हजार गारठलेली माणसे आणि जेटीवरची चूल बंद. त्या गावाला आपण दोष देत नाही, पक्षी काय पत्र पाठवून येतो थोडाच! आपण फक्त ताळा मांडतोय. पैसा पक्ष्याच्या मागे येतो, पण जिथे चहा मिळतो, गाडी लावता येते आणि शौचालय असते तिथेच तो थांबतो.

पक्षी भरकटतो का, हेही विचारले जाते. वादळ हे एक कारण, आपल्या बूबीचे तेच. दुसरे म्हणजे काही पक्ष्यांचे, विशेषतः पहिल्यांदा निघालेल्या पोरसवदांचे, आतले होकायंत्र चुकते. पूर्वेला जायचे ते पश्चिमेला जातात. आणि काही नुसतेच फिरस्ते असतात. या गरुडाला खायला मासे होते, थंडीची सवय होती, म्हणून तो तगला. सगळ्यांचे नशीब तसे नसते. त्याच मेन राज्यात, पोर्टलंड शहराच्या बागेत, २०१८ च्या हिवाळ्यात मध्य अमेरिकेतला एक काळा ससाणावर्गी पक्षी, ग्रेट ब्लॅक हॉक, येऊन राहिला. उष्ण देशातला जीव. तिथेही गर्दी झाली. जानेवारी २०१९ मध्ये तो बर्फात पडलेला सापडला, पाय थंडीने जळाले होते, वाचला नाही. लोकांनी त्याचा पुतळा उभारला त्या बागेत. पुतळ्यापेक्षा आम्हाला तो बर्फातला पक्षी डोळ्यासमोर येतो, कारण आम्ही एकाला दोनदा पाण्यात सोडताना बघितलाय.

आता गरुडाच्या पुढच्या मुक्कामाकडे या. आपल्या कामाचा खरा भाग इथून पुढे आहे.

२०२२ च्या उन्हाळ्यापासून तो कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर, ट्रिनिटी गावाच्या आसपास दिसू लागला. हे बेट कॉड माशावर जगले, चार-पाचशे वर्षे. मग मोठ्या ट्रॉलरनी इतका उपसा केला की मासा संपत आला, आणि २ जुलै १९९२ रोजी सरकारने कॉडची मासेमारी बंद केली. सुमारे ३०,००० माणसांचे काम एका घोषणेने गेले. सांगितले होते दोन वर्षे. ती बंदी उठायला २०२४ उजाडले. आपली ६१ दिवसांची बंदी आपल्याला जड जाते, घरात किराणा उधारीवर येतो. त्यांची ३२ वर्षांची होती. गावेच्या गावे पोटासाठी उठून गेली. जे राहिले त्यांच्यातल्या काहींनी खेकडा आणि कोळंबी धरली, काहींनी पाहुणे धरले. देवमासे, हिमनग आणि समुद्रपक्षी दाखवायला माणसांना होडीतून न्यायचे. त्यामुळे गरुड ट्रिनिटीला आला तेव्हा तिथे होडी तयार होती, अंगावर घालायचे जाकीट तयार होते, आणि कुठल्या कड्यावर तो बसतो हे सांगणारी माणसे तयार होती. फाइव्ह आयलंड्सला गर्दी अचानक येऊन पडली. ट्रिनिटीत मात्र ती तीस वर्षांच्या सवयीवर येऊन पडली.

आणि या गरुडांचे मूळ ठिकाण? होक्काइदोला रौसु नावाचे मासळीचे बंदर आहे. हिवाळ्यात समुद्रावर तरंगता बर्फ येतो आणि त्यावर हे गरुड बसतात. ते तिथे जमायला मच्छीमारच कारण. पोलॅक म्हणजे कॉडच्याच जातीचा मासा तिथे थंडीत जाळ्यात येई, जाळ्यातून सांडलेल्या मासळीवर शेकडो गरुड येत. पुढे पोलॅक कमी झाला. बरेच गरुड डोंगराकडे वळले आणि शिकाऱ्यांनी मारून टाकलेली हरणे खाऊ लागले. त्यातल्या शिशाच्या गोळ्या पोटात जाऊन अनेक मेले. मासा गेला की नुसता कोळी उपाशी राहत नाही. रौसुत आज फेब्रुवारीच्या पहाटे होड्या फोटो काढणाऱ्यांना घेऊन बर्फापर्यंत जातात, मासे टाकतात, गरुड येतात. जगभरातून लोक त्यासाठी पैसे मोजतात.

हे वाचून एक-दोन सभासदांच्या मनात काय येईल ते आम्हाला माहीत आहे, कारण गेल्या वर्षी ते आमच्या टेबलापर्यंत आले होते. त्या बेळगावच्या मंडळींपैकी कोणी विचारले होते, खोल समुद्रात असे पक्षी बघायला होडी मिळेल का, माणशी दोन हजार देतो. महिना जुलै. सभासद आमच्याकडे आले, "सेक्रेटरी, पाचच माणसं आहेत, तोंडापर्यंत नेऊन आणतो, जाळं टाकणार नाही, मग बंदी कसली?" आम्ही नाही म्हटले. राग आला होता त्यांना, आजही थोडा असेल. तेव्हा घाईत नीट सांगता आले नाही, म्हणून आज सांगतो.

रौसुच्याच द्वीपकल्पाच्या दुसऱ्या अंगाला उतोरो बंदर आहे. २३ एप्रिल २०२२ रोजी तिथून एक छोटी पर्यटन बोट निघाली. २४ प्रवासी आणि २ खलाशी. त्या सकाळी जोराच्या वाऱ्याची आणि लाटांची सूचना निघालेली होती. स्थानिक मच्छीमारांनी समुद्र बिघडणार म्हणून सांगितले होते. तरी बोट गेली. पुढे नाळेकडच्या झाकणाची कडी नीट बसलेली नव्हती असे चौकशीत निघाले. लाटा डेकवर आल्या, पाणी आत भरत गेले. पाणी बर्फासारखे थंड. २६ पैकी एकही जिवंत आला नाही. २० जणांचे देह मिळाले, ६ जण कधीच सापडले नाहीत.

एक झाकण! आपल्याकडे किती होड्यांची झाकणे दोरीने बांधलेली आहेत, प्रत्येकाने आपापल्या मनाशी मोजावे. खलाशी लाट बघून वाकतो, कुठे धरायचे ते त्याच्या हाताला माहीत असते. पाहुणा दुर्बिणीतून वर आकाशात बघत असतो. शिवाय मासेमारीच्या नोंदणीवर प्रवासी नेता येत नाहीत, त्याची नोंदणी, तपासणी, परवाना सगळे वेगळे. तसे केले आणि काही झाले, तर विम्याची कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल, आणि मग होडी, घर, कर्ज सगळे एकदम दारात येईल. दहा हजार रुपयांसाठी. ज्यांना खरेच प्रवासी नेण्याचा धंदा करायचा आहे त्यांनी मोसमात, रीतसर परवाना काढून करावा. त्या अर्जाला सोसायटी मदत करील, हे मागच्या मीटिंगमध्येही बोललो आहोत.

मग जमिनीवर काय करता येईल? बरेच. असा पक्षी आपल्याकडे येतो तो पावसाळी वाऱ्यातच, म्हणजे नेमका आपण घरी असतो तेव्हा. गाड्या लावायला बर्फाच्या कारखान्यामागचे आवार रिकामे असते. बचत गटाच्या वहिनींना फिश करी राईस करायला कोणी शिकवायला नको. सुकी मासळी आहेच. आणि पक्षी कुठे बसतो, भरतीला कुठे सरकतो, हे सांगणारा पोरगा लागतो. तो आपलाच असावा, त्याला मजुरी मिळावी.

पण त्याआधी पक्षी जगायला हवा. बूबीच्या वेळी आम्हाला माहीत नव्हते, नंतर जाणकारांना विचारून घेतले. थकून किनाऱ्याला लागलेला समुद्रपक्षी पाण्यात ढकलायचा नाही. त्याच्यात पोहायचे त्राण असते तर तो वाळूवर आला नसता. कुत्री आणि पोरे लांब करा. जाड टॉवेल टाकून मागून धरा, चोच आपल्या डोळ्यांपासून दूर ठेवा. बूबी भाल्यासारखी चोच मारतो आणि नेम तोंडाचा धरतो. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडून त्यात ठेवा, झाकण लावा, सावलीत, शांत जागी. बळेच पाणी पाजू नका, मासा कोंबू नका. लगेच वन खात्याला फोन करा. गळ किंवा जाळ्याचा धागा अडकला असेल तर ओढू नका, धागा थोडा लांब ठेवून कापा, बाकीचे डॉक्टर काढतील. आणि फोटो काढाच, पण गटावर टाकायच्या आधी ऑफिसला दाखवा. एक तास उशीर झाला तर काही बिघडत नाही. पक्षी आधी खोक्यात, मग जगात.

एक फरक मात्र पोरांना नीट समजावून ठेवा. वाट चुकलेला एकटा पक्षी लांबून बघायला लोक आले तर चालते. घरट्यावरचा पक्षी दाखवायला कोणाला न्यायचे नाही. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर सुरय वस्तीने अंडी घालतात. माणूस उतरला की सगळे एकदम उठतात, अंडी उन्हात उघडी पडतात, आणि घारी-कावळे वाटच बघत असतात. आपल्या खाडीवरच्या गरुडाच्या झाडाचा पत्ताही कोणी विचारला तर माहीत नाही म्हणा. पाचशे रुपये देतो म्हणाला तरी.

तांडेल काकांना हा लेख काल वाचून दाखवला. तीन कोटींवर ते काही बोलले नाहीत. कॉडच्या बत्तीस वर्षांवर मात्र थांबवून परत वाचायला लावले. मग म्हणाले की त्यांच्या तरुणपणी, पावसाळ्यात रापण बंद असताना, काळ्या लांब पंखांचे, कात्रीसारख्या शेपटीचे पक्षी वादळाच्या आदल्या दिवशी गावावरून जाताना त्यांनी दोनदा पाहिलेत. आम्ही मोबाईलवर फ्रिगेट पक्ष्याचे चित्र काढून दाखवले. "हाच," म्हणाले. हे कुठे लिहून ठेवलेय का कोणी? नाही. म्हणून ऑफिसात एक वही ठेवली आहे. जो काही वेगळा पक्षी पाहील त्याने तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, आणि किनाऱ्यापासून किती अंतरावर, एवढे लिहावे. नाव येत नसेल तर रंग लिहा. पहिली नोंद काकांची आहे, साल त्यांना नक्की आठवत नाही, थोरल्या मुलीच्या लग्नाच्या आधीचे एवढे सांगितलेय, ते तसेच लिहिले आहे.

वन खात्याचा फोन नंबर फलकावर लावला आहे. दोन रिकामी खोकी आणि जुना टॉवेल बर्फाच्या खोलीबाहेरच्या फळीवर ठेवलाय. कृपया त्या खोक्यात कोणी जाळ्याचे सामान भरू नये.

— आपले, सेक्रेटरी व संचालक मंडळ